हायबरफिल उडवा, १५ जीबी मिळवा? जरा थांबा

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला, तिथून तो ऑफिसच्या ग्रुपवर गेला, तिथून माहेरच्या, असं करत करत मला एकूण चार वेळा मिळाला. थोडक्यात असा: "सी ड्राइव्ह लाल झालाय? कंपनीने तुमच्यापासून लपवलेली हायबरफिल डॉट सिस नावाची १५ जीबीची फाईल उडवा. ती रोज वाढते. उडवली की लॅपटॉप डबल फास्ट. हायबरनेशन जुन्या काळातलं आहे, आता स्लीप पुरतं. त्याने एसएसडी जळते आणि तुमचे पासवर्ड त्या फाईलमध्ये उघडे पडलेले असतात. एकच कमांड, नुकसान शून्य." खाली कमांड (पॉवरसीएफजी, तिरकी रेघ म्हणजे स्लॅश एच, ऑफ) आणि त्याच्याखाली तीन वेळा हात जोडलेले.

मी काही कॉम्प्युटर इंजिनियर नाही. कॅनडा कॉर्नरजवळ एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात काम करते आणि तिथे प्रिंटर अडला, लॅपटॉप रुसला की सगळे माझ्याच टेबलाशी येऊन उभे राहतात, एवढीच माझी पदवी. मेसेजमधली कमांड खरी आहे, चालते. तिच्याभोवती जे लिहिलंय त्यातलं बरंच चुकीचं आहे आणि त्या चुकीपायी आमच्या भाऊजींची एक रात्र वाया गेली, म्हणून एवढं लिहायला बसले.

आधी ही फाईल आहे काय ते. नाशिककरांना द्राक्षाच्या भाषेत सांगते, लवकर कळेल. लॅपटॉप चालू असताना तुम्ही जे उघडून ठेवलंय, एक्सेल, ब्राउझरचे वीस टॅब, अर्धवट टाईप केलेलं लेटर, ते सगळं रॅममध्ये असतं आणि रॅमला वीज लागते. स्लीप म्हणजे तो माल कोल्ड स्टोरेजला ठेवणं. दार उघडलं की लगेच ताजा माल हातात, पण वीज गेली आणि जनरेटरही थकला की माल गेला. हायबरनेट म्हणजे बेदाणा करणं. रॅममधला माल दाबून, आटवून डिस्कवर एका फाईलमध्ये भरायचा आणि मशीन पूर्ण बंद करायचं, मग वीज असो नसो, बॅटरी काढून ठेवा, आठवड्याने या, माल तसाच. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा होतो, इथेही माल आटतो म्हणूनच फाईल रॅमएवढी मोठी लागत नाही. फरक इतकाच की बेदाण्याचं परत द्राक्ष होत नाही आणि इथे बटण दाबलं की होतं. ज्या पेटीत हा बेदाणा भरतात ती पेटी म्हणजे हायबरफिल डॉट सिस.

आता मेसेजमधली वाक्यं एकेक.

"कंपनीने लपवलेली १५ जीबीची फाईल." लपवलेली आहे हे खरं, सिस्टिम फाईल आहे म्हणून दिसत नाही, तशा पेजफाईल वगैरे आणखी पण दोन-तीन दिसत नाहीत, त्यात कट कसला? कुणी चुकून उडवू नये म्हणून झाकून ठेवलंय. विंडोजच्या सेटिंग्समध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग तिथे सिस्टिमचा भाग उघडला की हायबरनेशन फाईल किती जीबीची ते चक्क लिहून येतं. बरं, १५ कुठून आले? विंडोज १० आणि ११ मध्ये ही फाईल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते. म्हणजे रॅम ८ जीबी तर फाईल ३.२ जीबी, १६ असेल तर ६.४, आणि ३२ असेल तरी १२.८. आमच्या ग्रुपवर ३२ जीबी रॅमवाला एकच आहे, तो सातपूरच्या एका कंपनीत डिझाईन करतो आणि त्याला ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क, आहे, त्याला १२ जीबीचं काय घेऊन बसलात. विंडोज ७ च्या काळात ही फाईल रॅमच्या ७५ टक्के असायची, त्यामुळे मला वाटतं मेसेज तेव्हाचा कुठलातरी जुना आहे आणि दर दोन वर्षांनी कुणीतरी त्याला नवा शर्ट घालून सोडतं. आपल्या घराघरात ८ जीबी रॅमचे लॅपटॉप आहेत, तिथे सुटणार सव्वातीन जीबी, लिहिलंय १५.

"ती रोज वाढते." अजिबात नाही. ही जागा आधीच धरून ठेवलेली असते आणि दर वेळी हायबरनेट केलं की त्याच पेटीत आधीचं पुसून नवं भरलं जातं. वाढते कधी, तर तुम्ही रॅम वाढवली तर. मागे आमच्या ऑफिसात एकाने ८ ची १६ करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला की दुकानदाराने काहीतरी घोळ केला, सी ड्राइव्हमधले तीन जीबी कमी झाले. घोळ काही नव्हता, रॅमच्या हिशोबाने पेटी मोठी झाली. आणि हो, २५६ ची एसएसडी घेतली आणि आत २३८ च दिसते ही पण चोरी नाही, कंपनी हजाराने गुणून मोजते आणि विंडोज १०२४ ने, त्यात अठरा जीबी हवेत जातात, त्याचा हायबरनेशनशी काही संबंध नाही. हे मला इतक्या वेळा विचारलं गेलंय की इथेच सांगून टाकलं.

"उडवली की लॅपटॉप डबल फास्ट." ही फाईल डिस्कवर पडून असते, प्रोसेसर खात नाही, रॅम खात नाही, मग ती गेल्याने एक्सेल कशाला पळेल? एक गोष्ट कबूल करते, सी ड्राइव्ह अगदी काठोकाठ भरला असेल तर विंडोज खरंच रडायला लागतं, अपडेट अडतात, एसएसडी मंद होते, आणि अशा वेळी तीन-सहा जीबी सुटले तर दोन दिवस बरं वाटतं. पण ते कुठलेही तीन जीबी सुटले तरी वाटलं असतं. उलट ती कमांड मारली की हायबरनेशनसोबत फास्ट स्टार्टअप पण बंद होतं, हे मेसेजमध्ये कुणी लिहिलंय? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तुम्ही शटडाऊन करता तेव्हा विंडोज तुमचे प्रोग्रॅम बंद करतं पण स्वतःचा गाभा ह्याच फाईलमध्ये लिहून ठेवतं आणि सकाळी तो परत उचलतं, म्हणून चालू व्हायला कमी वेळ लागतो. फाईल गेली की ते गेलं. एसएसडी असेल तर काही सेकंदांचा फरक, पण आमच्या ऑफिसात अजून दोन मशीन जुन्या हार्डडिस्कवाल्या आहेत, त्यातल्या एकावर कुणीतरी हा प्रयोग केला आणि आता ते मशीन चालू करून साहेब खाली चहा पिऊन येतात. डबल फास्ट.

ह्याची दुसरी बाजूही आहे, ती पण सांगायला हवी. फास्ट स्टार्टअपमुळे रोज शटडाऊन करूनही गाभा कधी ताजा होतच नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली अप टाईम दिसेल, रोज रात्री बंद करणाऱ्यांचा पण तिथे दहा दहा, बारा बारा दिवसांचा आकडा असतो. त्यामुळे कधी वायफाय सापडत नाही, कधी प्रिंटर ओळख दाखवत नाही, आणि मग कुणीतरी ती कमांड मारतं आणि सगळं नीट होतं आणि श्रेय जातं फाईल उडवण्याला. अहो, नुसतं रिस्टार्ट मारलं असतं तरी झालं असतं! रिस्टार्टमध्ये गाभा नव्याने उठतो, शटडाऊनमध्ये नाही, लोकांना उलटं वाटतं. रिस्टार्ट नको असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा, ते पूर्ण बंद होतं. आणि फास्ट स्टार्टअपचाच कायमचा त्रास असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाचं पान आहे, तिथली त्याची एकटी टिक काढा, फाईल आणि हायबरनेट राहू द्या. घरात मुंग्या झाल्या म्हणून कुणी स्वयंपाकघर पाडतं का? कॉलेजची जी पोरं एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू नावाची दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही ठेवतात त्यांनी तर ही टिक काढावीच, नाहीतर उबुंटूमधून विंडोजचा ड्राइव्ह नीट उघडत नाही, फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण विंडोजच्या मते तो ड्राइव्ह अजून झोपलेला आहे, मेलेला नाही.

"हायबरनेशन जुन्या काळातलं, आता स्लीप पुरतं." ह्याच वाक्याने भाऊजी बुडाले.

भाऊजींचं पिंपळगावकडे द्राक्षाचं पॅकहाऊस आहे. फेब्रुवारी-मार्च म्हणजे तिकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, कंटेनर लागलेले, मजूर, पेट्या, वजनं, आणि ह्या सगळ्याची पॅकिंग लिस्ट एका लॅपटॉपवर एक्सेलमध्ये. लॅपटॉप बरा आहे, १६ जीबी रॅमचा, पण २५६ ची डिस्क आणि सी ड्राइव्ह कायम लाल. मेसेज त्यांना ताईनेच पाठवला, ताईला मी नाही पाठवला हे आधीच स्पष्ट करते. त्यांनी कमांड मारली, सहा जीबी सुटले, खूश. मग एका रात्री साडेअकराला लिस्ट अर्धी भरलेली, थकून झाकण लावलं, चार्जर पॅकहाऊसवरच राहिला, घरी येऊन झोपले. सकाळी लॅपटॉप मेलेला. चार्ज करून चालू केला तर कोरा डेस्कटॉप. एक्सेलने ऑटोरिकव्हरमधून काही परत दिलं, पण शेवटच्या थोड्या ओळी गेल्याच आणि त्या नेमक्या कोणत्या हे कळेना, म्हणून त्यांनी सगळीच लिस्ट पेट्यांवरून परत ताडून बघितली.

झालं असं की आधी त्यांचा लॅपटॉप झाकण लावल्यावर स्लीपमध्ये जायचा आणि ठरलेल्या वेळाने, किंवा बॅटरी फार खाली गेली की, स्वतःच उठून हायबरनेट व्हायचा. हे त्यांना माहीतच नव्हतं. ते म्हणायचे मी हायबरनेट कधीच वापरत नाही. वापरत होते, रोज, नकळत. बॅटरी अगदी तळाला आली की काय करायचं, तिथे लॅपटॉपवर बहुतेक वेळा हायबरनेट हेच उत्तर लिहिलेलं असतं. ते दार बंद केलं की लॅपटॉप स्लीपमध्ये पडून राहतो, बॅटरी चाटत राहतो, आणि संपली की संपलं. कोल्ड स्टोरेजची लाईट गेली.

आणि नव्या लॅपटॉपची स्लीप पण आता पूर्वीसारखी राहिली नाही. बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये ती मोबाईलसारखी अर्धी जागी असते, मेल घेते, अपडेट बघते. पंचवटी एक्सप्रेसने अपडाऊन करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला विचारा. सकाळी नाशिकरोडला चढायचं, कसारा घाटात नेटवर्क गेलं की झाकण लावून लॅपटॉप बॅगेत, आणि सीएसएमटीला बॅग उघडली की लॅपटॉप वडापावसारखा गरम आणि बॅटरी निम्मी. आता ती झाकणाची सेटिंग हायबरनेटवर ठेवते. चालू व्हायला थोडा जास्त वेळ घेतो, पण थंड निघतो. तुमच्याकडे कोणती झोप आहे ते बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, तिरकी रेघ, ए एवढं टाईप करा, मशीन स्वतःच यादी देतं की मला काय काय येतं आणि काय येत नाही.

डेस्कटॉपवाले म्हणतील आमचं काय. डेस्कटॉपला बॅटरी नाही, पण यूपीएस आहे ना? यूपीएसची यूएसबी वायर कॉम्प्युटरला लावलेली असेल (बहुतेकांची ती वायर अजून खोक्यातच असते) तर लाईट गेल्यावर, यूपीएस संपत आला की मशीनला हायबरनेट व्हायला सांगता येतं. पावसाळ्यात संध्याकाळी वारा सुटला की आमच्या भागात लाईट कधी जाईल नेम नाही, त्यामुळे रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात ही सोय काय आहे ते आम्हाला विचारा. पण ज्यांच्याकडे डेस्कटॉप आहे, यूपीएस नाही किंवा वायर लावायचीच नाही, डिस्क १२८ ची आहे आणि सकाळी मशीन दहा सेकंद उशिरा चालू झालं तरी चालतं, त्यांनी खुशाल कमांड मारावी. त्यांच्यापुरता मेसेज बरोबर आहे.

"एसएसडी जळते." गणित करू. ८ जीबी रॅम, फाईल ३.२ जीबी, समजा दिवसातून दोनदा हायबरनेट केलं आणि दोन्ही वेळा पेटी गच्च भरली, तर ६.४ जीबी रोज, वर्षाचे झाले सव्वादोन-अडीच टीबी. २५० च्या आसपासच्या साध्या एसएसडीला कंपन्या ७५ ते १५० टीबी लिखाणाची हमी देतात. कमीतला कमी ७५ धरला तरी तीस वर्षं. त्याच्या कितीतरी आधी तुमच्या लॅपटॉपची बिजागरी तुटेल.

"पासवर्ड उघडे पडतात." ह्यात मात्र तथ्य आहे आणि मेसेजमध्ये तेवढाच एक मुद्दा विचार करण्यासारखा. रॅममध्ये जे होतं ते फाईलमध्ये उतरतं, त्यात तुम्ही नुकतंच उघडलेलं काहीही असू शकतं, आणि तपास करणारे लोक जप्त केलेल्या मशीनमधली ही फाईल तपासतात हे खरं आहे. पण तुमच्या लॅपटॉपची डिस्क काढून कुणी वाचायला बसलाच असेल तर त्याला हायबरफिल उकलत बसायची गरज काय, डाऊनलोड्समध्ये आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट आणि "पासवर्ड नवीन" नावाची एक्सेल फाईल समोरच पडलीये की! ह्याला उपाय डिस्क एन्क्रिप्ट करणं. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होममध्ये पण बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळतं, ते चालू केलं की हायबरफिलही कुलपात जाते. फक्त रिकव्हरी की कुठेतरी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर ते कुलूप तुमच्यावरच पडेल आणि मग मला फोन करून उपयोग नाही.

"एकच कमांड, नुकसान शून्य." नुकसान काय ते वर आलंच. मेसेजच्या दुसऱ्या एका आवृत्तीत तर फाईल शिफ्ट डिलीट करा म्हणून लिहिलंय, तशी ती होतच नाही, फाईल वापरात आहे म्हणून विंडोज हात झटकतं. तिसऱ्या आवृत्तीत म्हणे डी ड्राइव्हला हलवा. पेजफाईल हलवता येते, ही नाही, विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे त्याच्याच मुळाशी ही राहते, कारण मशीन उठताना सगळ्यात आधी तिथेच बघतं.

मेसेजने जे सांगितलंच नाही ते हे की मध्ये आणखी एक पायरी आहे. पूर्ण फाईल म्हणजे रॅमच्या ४० टक्के, सगळं चालतं. कमी केलेली फाईल म्हणजे २० टक्के, त्यात फास्ट स्टार्टअप चालतं, हायबरनेट चालत नाही. आणि ऑफ म्हणजे काहीच नाही. मधल्या पायरीसाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि पॉवरसीएफजी, तिरकी रेघ एच, तिरकी रेघ टाईप, रिड्यूस्ड, असं मध्ये मध्ये स्पेस देऊन लिहायचं. नाही घेतलं तर कुणीतरी पूर्वी फाईलच्या साईझचा आकडा हाताने बदललेला असतो, तेव्हा आधी टाईपच्या जागी साईझ आणि शून्य देऊन एंटर मारा आणि मग परत करा. साध्या घरगुती डेस्कटॉपला ही पायरी मला सगळ्यात बरी वाटते. लॅपटॉपला मात्र पूर्णच ठेवा.

ज्यांनी आधीच उडवलीये त्यांना परत आणायची असेल तर तीच कमांड, ऑफच्या जागी ऑन. मग कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाचं पान, वर जे निळ्या अक्षरात सध्या बदलता येत नसलेल्या सेटिंग्स बदला असं लिहिलेलं असतं त्यावर क्लिक, आणि खाली हायबरनेटला टिक. ही टिक बहुतेक मशीनवर आधीपासून नसतेच, म्हणून स्टार्ट मेनूत पर्याय दिसत नाही आणि लोकांना वाटतं बंदच झालंय.

भाऊजींचं हे मी रविवारी जाऊन करून दिलं. फाईल परत आली, ६.४ जीबी. मग म्हटलं सी ड्राइव्ह लाल कशाने होतो ते तरी बघू. स्टोरेज उघडलं तर डाऊनलोड्समध्ये ३१ जीबी, त्यात ताईच्या दिराच्या लग्नाचा व्हिडिओ तीनदा, एकच फाईल, पुढे कंसात एक, कंसात दोन. रिसायकल बिन कधीच रिकामा केलेला नाही. तो व्हिडिओ एक पेनड्राइव्हवर टाकला, उरलेले दोन उडवले, बिन रिकामा केला, बार निळा झाला. भाऊजी म्हणाले, "मग मेसेज पाठवणाऱ्याने हे का नाही लिहिलं?" ताई चहा टाकायला आत गेली.